टंचाईच्या दिवशीचा पुढारी

पांझरा नदी साक्री तालुक्याच्या पश्चिमेला, सह्याद्रीच्या डोंगरात उगम पावते. पिंपळनेरवरून ती धुळे शहरात येते आणि पुढे उत्तरेला वळून मुडावदजवळ तापीला मिळते. फार मोठी नदी नव्हे. उन्हाळ्यात तिचं पात्र म्हणजे नुसता गोटा आणि वाळू. पण तिच्या काठच्या गावांनी तीनशेहून अधिक वर्षं एक अवघड गोष्ट जमवून दाखवली: अपुरं पाणी वाटून घेतलं आणि तरीही गाव एकत्र ठेवलं. त्या व्यवस्थेला फड बागायत म्हणतात. नेतृत्व आणि विश्वास या विषयावरच्या या पुस्तकाची ओळख करून देताना फडापासून सुरुवात करण्याचं कारण एवढंच, की माणसं एकमेकांवर विश्वास कशाच्या बळावर ठेवतात या प्रश्नाचं इतकं सविस्तर आणि इतकं टिकाऊ उत्तर मला खानदेशात दुसरीकडे सापडलेलं नाही.

नदीवर दगडी बंधारा, बंधाऱ्यातून निघालेला कालवा, कालव्याच्या चाऱ्या आणि जादा झालेलं पाणी परत नदीत सोडायला सांडम. बंधाऱ्याखाली जेवढं रान भिजतं त्याचे बहुधा तीन किंवा चार मोठे तुकडे पाडलेले असतात, तेच फड. एका फडात एका हंगामात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. एका फडात ऊस असेल तर दुसऱ्यात गहू-हरभऱ्यासारखं हंगामी पीक, आणि एखादा फड विश्रांतीला पडीक. पुढच्या वर्षी पिकं फडांतून फिरतात, त्यामुळे जमिनीचा कसही टिकतो. आता यातली खरी मेख अशी, की शेतकऱ्याची जमीन एका जागी नसते. बहुतेकांचा थोडा थोडा तुकडा प्रत्येक फडात असतो.

पाऊस कमी झाला की गाव बसतं आणि ठरवतं, यंदा दोनच फड भिजवायचे. तिसरा कोरडा राहणार. पण त्या कोरड्या फडात पाटलाचंही रान असतं, दोन बिघेवाल्याचंही असतं. कुणाचं सगळंच जात नाही आणि कुणाचं सगळंच वाचत नाही. कालव्याच्या तोंडाशी जमीन असलेला सुखी आणि शेपटाला असलेला कायम रडणारा, हे जे चित्र आज आपल्या प्रत्येक मोठ्या कालव्यावर दिसतं, ते फडात जमिनीच्या मांडणीनेच मिटवलेलं आहे.

पाणी द्यायचं काम कुणाचं, तर पाटकऱ्याचं. तो गावाने नेमलेला. त्याच्यावर देखरेखीला हवालदार, पिकाच्या राखणीला जागल्या. यांची मजुरी धान्याच्या रूपात, उभ्या पिकातून. पाटकरी चारीच्या तोंडाशी वाकतो, फावड्याने मातीचा बांध फोडतो, पाणी सरीत सोडतो. सरी शेवटपर्यंत भरली की तिथलाच ओला चिखल ओढून, वर गवताची पेंढी दाबून तोंड बुजवतो आणि पुढचं फोडतो. रानाचा मालक बांधावर उभा राहून बघू शकतो, पण पाणी फिरवायचं ते पाटकऱ्यानेच. ज्याला पाण्याची हाव आहे त्याच्या हातात फावडं नाही, आणि ज्याच्या हातात फावडं आहे त्याचं पोट कुणा एका शेतावर नव्हे तर सगळ्या पिकावर अवलंबून आहे. शिवाय तो जे करतो ते उघड्या रानात, दहा जणांच्या डोळ्यांसमोर.

विश्वासाबद्दल आपण बोलतो तेव्हा बहुतेक वेळा माणसाच्या स्वभावाबद्दल बोलत असतो. अमका शब्दाचा पक्का, तमका आतल्या गाठीचा. स्वभाव महत्त्वाचा असतोच. पण पांझरेकाठची माणसं काही जगावेगळी साधू नव्हती. बांधावरून डोकी फोडणारी, भाऊबंदकीत पिढ्या घालवणारी, तुमच्या-आमच्यासारखीच होती. अशा माणसांना एकमेकांवर विसंबता यावं म्हणून त्यांनी लबाडीची संधीच आखडून टाकली. फड टिकला तो या शहाणपणामुळे. कालवा साफ करायला वर्षातून एकदा सगळ्यांनी उतरायचं, बंधारा फुटला तर सगळ्यांनी मिळून बांधायचा, आणि यातून कुणाला सुटका नाही.

गेल्या काही दशकांत फड उतरणीला लागले. काही गावांत ते अजून तग धरून आहेत, बऱ्याच ठिकाणी नुसती नावं उरली. वरच्या अंगाला धरणं झाली, नदीच्या पाण्याचा हिशोब गावाच्या हातून खात्याकडे गेला. विहिरी वाढल्या, वीज आली, पंप बसले. ज्याच्या विहिरीला पाणी आहे त्याला फडाच्या पिकाचं बंधन जाचक वाटू लागलं, आणि त्यात त्याची चूक काढता येत नाही. पुढे लोक म्हणू लागले, ‘आता पहिल्यासारखी माणसं राहिली नाहीत.’ मला हे पटत नाही. माणसं तीच होती. ज्या गोष्टींनी त्यांना एकमेकांशी बांधलं होतं त्या एकेक करून सुटल्या, आणि विश्वास मागाहून गेला. गटाचा विश्वास उडालेला दिसला की आपण आधी माणसं बदलायच्या मागे लागतो. या पुस्तकाचं सांगणं असं, की आधी गाठी कुठे सुटल्या ते पाहावं.

याच नदीने एका मोठ्या माणसाचीही परीक्षा घेतली होती. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात रुजू झाले, आणि नोकरीच्या सुरुवातीलाच त्यांना पांझरेच्या पाटावर नळाचा सायफन बांधण्याचं काम मिळालं. पावसाळा होता, पुराने वाळू येऊन केलेलं काम बुजत होतं. काम पावसाळ्यानंतर करावं असं त्यांनी कळवलं. वरिष्ठांना ती टाळाटाळ वाटली आणि तसा शेरा आला. तरुण अभियंत्याने मग ते काम त्याच हंगामात नेटाने पुरं केलं. हा प्रसंग सहसा जिद्दीची गोष्ट म्हणून सांगितला जातो. मला तो वरिष्ठांच्या बाजूने बघावासा वाटतो. जागेवर असलेला माणूस अडचण सांगतो तेव्हा ती अडचण आहे की सबब, हे ओळखणं हे पुढाऱ्याचं फार मोठं कसब आहे, आणि ते ऑफिसात बसून येत नाही. पुढे विश्वेश्वरय्यांनी नीरा कालव्यावर जी ब्लॉक पद्धत आणली, ठरावीक तुकड्यांत पिकं फिरवून पाणी द्यायची, तिची जातकुळी पांझरेच्या फडाशी जुळते हे कुणालाही दिसेल.

धुळ्याच्याच तुरुंगात १९३२ साली घडलेली गोष्ट याहून लहान आहे आणि मला जास्त मोलाची वाटते. २१ फेब्रुवारी ते १९ जून, दर रविवारी, विनोबांनी तिथे गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. ‘गीता प्रवचने’ घरोघर पोचलं ते त्या टिपणांमुळे. पण प्रवचनांच्या अलीकडची एक बाब आहे. तुरुंगात शेकड्यांनी सत्याग्रही होते, आणि दळणासारखी कामं करावीत की नाकारावीत यावरून तुरुंगाधिकारी आणि कैदी यांची रोजची ओढाताण चाले.  विनोबा स्वतः जात्यावर बसले. मागोमाग इतर बसले. रविवारी ज्याचं बोलणं ऐकायचं तो माणूस आठवडाभर आपल्या शेजारी दळताना दिसत असेल, तर त्याच्या शब्दाला वेगळं वजन येतं.

आणि साने गुरुजी? १९२४ ते १९३० ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, वसतिगृहाचा कारभारही त्यांच्याकडे होता. मुलं शाळेत गेली की हा शिक्षक त्यांच्या खोल्या झाडून ठेवी, अंथरुणं नीट करून ठेवी. मुलांना शिस्त लावण्याचा त्यांचा मार्ग हा होता. आजच्या एखाद्या व्यवस्थापकाला हे भाबडं वाटेल. पण डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन, तेव्हा याच गुरुजींनी पूर्व खानदेशातली गावं पालथी घातली आणि लोक उठून कामाला आले. धनाजी नाना चौधरींसारखे कार्यकर्ते, नंदलाल बोस यांच्या कल्पनेतून स्थानिक साहित्याने सजलेला परिसर, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, स्वतः गांधीजी हजर. शहरातल्या मंडपांची आणि कंत्राटदारांची सोय नसलेल्या ठिकाणी एवढी व्यवस्था उभी राहिली ती गावोगावच्या राबणाऱ्या हातांवर. ज्याने मुलांची अंथरुणं आवरली होती त्याने बोलावलं म्हणून ते हात आले, असं मी म्हटलं तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

हे सगळं जुनं झालं, आज कोण करतं, असं विचारणाऱ्याने पुन्हा साक्री तालुक्यातच जावं. गुजरातच्या हद्दीजवळ बारीपाडा म्हणून शंभरेक घरांची आदिवासी वस्ती आहे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिथे डोंगर उघडे पडलेले, उन्हाळ्यात पाण्यासाठी पायपीट, पोटासाठी लाकूडतोड आणि मोहाची दारू. चैत्राम पवार हा त्याच गावचा मुलगा एम.कॉम. झाला. त्या काळात अशा शिक्षणावर शहरात नोकरी लागली असती. तो गावात राहिला, वनवासी कल्याण आश्रमाच्या कार्यकर्त्यांच्या सोबतीने त्याने गाव बसवलं, आणि बोलणं सुरू केलं. बोलणं म्हणजे भाषण नव्हे. वनसंरक्षण समिती, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, लाकूड तोडणाऱ्याला दंड, खबर देणाऱ्याला बक्षीस, राखणीला गावातलीच माणसं, हे एकेक कलम गावाच्या बैठकीत घोळून घोळून ठरलं.

दंडाचा नियम करणं सोपं आहे. पहिला दंड आपल्या चुलत्याला किंवा मेव्हण्याला लावणं अवघड. गावातला गट म्हटला की नाती आलीच. तिथे नियमाची किंमत जवळच्या माणसावरच ठरते. बारीपाड्यात नियम टिकले याचा अर्थ तिथल्या लोकांनी ही अवघड पायरी ओलांडली. आज सुमारे ४४५ हेक्टर जंगल गावाने राखलं आहे. श्रमदानातून दगड-मातीचे शेकडो लहान बंधारे झाले. ज्या गावाला पाणी नव्हतं ते गाव शेजारच्या वस्त्यांना पाणी देऊ लागलं, भात पिकू लागला, दारूच्या भट्ट्या मागे पडल्या. २००४ पासून तिथे रानभाज्यांची स्पर्धा भरते. बायका डोंगरातून आणलेल्या भाज्या रांधून मांडतात आणि कुठली भाजी कुठे उगवते, कशी शिजवायची, कशावर गुणकारी, ते पाहुण्यांना सांगतात. जंगल राखण्याचं काम ज्यांच्या चुलीवरच्या सरपणाला कात्री लावून झालं, त्याच बायका तिथे जाणकार म्हणून उभ्या असतात, याचं मला फार अप्रूप वाटतं. २०२५ मध्ये चैत्राम पवारांना पद्मश्री मिळाली. त्या सन्मानामागे तीसहून अधिक वर्षांच्या बैठका आहेत, आणि बैठका हा काही कुणाच्या डोळ्यात भरणारा पराक्रम नसतो.

जळगावात नेतृत्वाचा विषय काढला की पहिलं नाव भवरलाल जैन यांचं निघतं, आणि ते योग्यच आहे. १९६३ मध्ये रॉकेल विकण्यापासून सुरुवात केलेल्या माणसाने ठिबक सिंचन शेतकऱ्याच्या बांधापर्यंत नेलं. पण हे पुस्तक ज्यांच्यासाठी आहे त्यांच्या हाताखाली पगारी माणसं नाहीत. यावल-रावेरच्या केळीवाल्यांची उत्पादक कंपनी, शिरपूर-शिंदखेड्याची पाणी वापर संस्था, चोपड्याचा एखादा महिला बचत गट. इथे अध्यक्षाला कुणाला कामावरून काढता येत नाही, बढती देता येत नाही. त्याला रोज सकाळी त्याच माणसांना रामराम घालायचा असतो आणि त्यांच्याच घरच्या लग्नाला जायचं असतं. इथे पुढारपण चालतं ते लोक चालू देतात तोवरच.

विश्वास आंधळा झाला की काय होतं, हेही जळगाव जिल्ह्याने फार मोठी किंमत देऊन पाहिलं आहे. या शतकाच्या पहिल्या दशकापासून जिल्ह्यातल्या कित्येक पतसंस्था अडचणीत आल्या, आणि मुलीच्या लग्नासाठी, निवृत्तीनंतरच्या औषधपाण्यासाठी ठेवलेल्या ठेवी अडकल्या. लोकांनी पैसे ठेवले होते ते हिशोब वाचून नव्हे. चेअरमन आपल्या समाजाचे, आपल्या गावचे, देवळाला देणगी देणारे, म्हणून. म्हणजे विश्वास भरपूर होता, तपासणी मात्र नव्हती. ज्या पुढाऱ्याला ‘साहेब, जरा वही दाखवा’ असं म्हणायला सभासदाची जीभ अडखळते, त्या पुढाऱ्याने आपल्या संस्थेची काळजी करायला सुरुवात करावी. हिशोब मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं, ही समजूत आपल्याकडे खोल रुजली आहे आणि तिने आपलं फार नुकसान केलं आहे.

याच्या उलट चांगल्या बचत गटाची बैठक बघा. सतरंजीवर गोल बसलेल्या बायका, मध्ये लोखंडी पेटी. पेटी एकीच्या घरी राहते, किल्ली दुसरीकडे. पैसे एक जण मोजते, मग शेजारची तेच परत मोजते, आणि यात कुणाला राग येत नाही. सचिव वही मोठ्याने वाचते: कुणाची बचत आली, कुणाचा हप्ता थकला, कुणाला कर्ज हवं, कशासाठी. जिला वाचता येत नाही तीही आपला आकडा ऐकते आणि चुकला तर तिथल्या तिथे बोलते. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, वेळच्या वेळी हिशोब, ही पंचसूत्री प्रशिक्षणात पाठ करून घेतात. पण मला त्यातलं सगळ्यात मोठं काम मोठ्याने वाचण्याचं वाटतं. बांधावर उभं राहून पाटकऱ्याकडे बघणाऱ्या डोळ्यांचंच हे काम, फक्त इथे कान ते करतात.

मग पुढाऱ्याला शिकण्यासारखं उरतं काय? पुष्कळ उरतं, आणि पुढची प्रकरणं त्याबद्दलच आहेत. त्यातल्या एकाबद्दल इथे बोलतो, कारण ते सगळ्यात कमी शिकवलं जातं: वाईट बातमी सांगणं. केळीचा भाव पडला, व्यापाऱ्याने ठरल्यापेक्षा कमी दिले, कंपनीला यंदा लाभांश देता येणार नाही. अशा वेळी संचालक गावात येणं टाळतात, फोन उचलत नाहीत, आणि बातमी चहाच्या टपरीवरून, तिखटमीठ लावून सभासदाच्या घरी पोचते. खरं तर ती बातमी पुढाऱ्याच्याच तोंडून, सगळ्यांना एकाच वेळी, आकड्यासकट कळायला हवी. आणि ती सांगताना पहिलं वाक्य स्वतःबद्दलचं असावं: माझ्या बागेचे एवढे गेले, माझी रक्कमही एवढीच अडकली आहे. लोक तोटा सहन करतात. शेतकऱ्याइतका तोटा सहन करणारा दुसरा कोण आहे? तोट्याची वाटणी आपल्याला एक माप आणि त्यांना दुसरं माप अशी झाली, एवढंच ते सहन करत नाहीत. फडात पाटलाचं रान कोरडं राहिलेलं दिसत होतं. ज्या गटात हे दिसण्याची सोय नाही, तिथे पुढाऱ्याने ते तोंडाने सांगितलं पाहिजे आणि वहीत दाखवलं पाहिजे.

भांडणांबद्दलही थोडं. गट भांडला की तो मोडला, असं समजून घाबरणारे फार आहेत. फडावर भांडणं नव्हती असं कुणीच म्हणणार नाही. पाणी आहे तिथे भांडण आहे. पण भांडायला ठरलेली जागा होती, ऐकणारी ठरलेली माणसं होती, आणि निकाल लागल्यावर पाणी पुन्हा सुरू होत असे. ज्या गटात बैठकीत सगळे माना डोलावतात आणि बैठक सुटल्यावर पारावर दोन-दोन, तीन-तीन जण कुजबुजत उभे राहतात, त्या गटाची मला जास्त काळजी वाटते. नव्या गटप्रमुखाने पहिल्या वर्षी एवढं जरी साधलं, की विरोधातला माणूस बैठकीतच बोलेल आणि बोलल्यावर पुढच्या बैठकीलाही येईल, तरी त्याने मोठं काम केलं.

राहता राहिला पुढच्या पिढीचा प्रश्न. खानदेशातल्या बहुतेक संस्थांचं दुखणं हेच आहे. एक माणूस वीस वर्षं राबतो, त्याच्यावाचून पान हलत नाही, आणि तो थकला की संस्था त्याच्यासोबत थकते. सही त्याची, बँकेत ओळख त्याची, तालुक्याच्या ऑफिसात कोणत्या टेबलावर कागद द्यायचा हे ठाऊक त्याला. हे प्रेमाने, निष्ठेनेच घडतं, आणि म्हणून थांबवणं अवघड जातं. पण ज्याच्या माघारी एक महिना गट आपला आपण चालू शकत नाही, त्या पुढाऱ्याने गटावर अजून विश्वास ठेवलेला नाही. फक्त गटाने त्याच्यावर ठेवला आहे. बँकेत जाताना सोबत तरुण सभासदाला नेणं, बैठक एकदा उपाध्यक्षाला चालवू देणं आणि ती विस्कळीत झाली तरी मध्ये न बोलणं, असल्या बारीकसारीक गोष्टींवर या पुस्तकात एक अख्खं प्रकरण खर्च केलेलं आहे. ते मुळीच जास्त झालेलं नाही.

वाचकाला एक विनंती आहे. हे पुस्तक अध्यक्षाने घरी एकट्याने वाचून कपाटात ठेवू नये. गटाच्या बैठकीत, हिशोबाचं वाचन झाल्यावर, दर वेळी चार-पाच पानं कुणीतरी मोठ्याने वाचावीत. वाचणारी व्यक्ती दर वेळी वेगळी असावी. जिथे ‘हे आपल्याकडे होत नाही’ असं कुणाला वाटेल तिथे पुस्तक मिटावं, त्यावर बोलावं, काय ठरलं ते वहीत लिहावं आणि पुढच्या बैठकीत पहिल्यांदा तेच विचारावं. असं वाचलं तर पुस्तक संपायला वर्ष लागेल, आणि तेवढं लागू द्यावं.